घडीचं पार्टिशन: एका खोलीत दोन खोल्या करणारा छोटा व्यवसाय



"सर, फर्निचरमध्ये कमी भांडवलात काही करता येईल का?" हा प्रश्न आपल्याकडे सारखा येतो. माझं उत्तर असं की पूर्ण फर्निचरच्या धंद्यात कमी भांडवलात शिरू नका. सोफा, कपाट, पलंग यांत माल अडकतो, जागा अडकते, आणि एक चुकीची ऑर्डर तुमचे दोन महिने खाते. पण फर्निचरमधलीच एक वस्तू अशी आहे की जिला मोठा कारखाना लागत नाही, जी घडी करून दाराआड उभी राहते, आणि जिची गरज आपल्या शहरांतल्या लाखो घरांत आहे. ती म्हणजे घडीचं पार्टिशन. कोणी फोल्डिंग स्क्रीन म्हणतं, कोणी रूम डिव्हायडर. आपल्या आजीच्या भाषेत सांगायचं तर आडोसा.

हा "आडोसा" शब्द लक्षात ठेवा, कारण सगळा धंदा त्याच्यावर उभा आहे. बाजारात हे पडदे शोभेची वस्तू म्हणून विकले जातात. फोटोत मोठा हॉल, कोपऱ्यात कुंडी आणि मागे कोरीव जाळीचा पडदा. असा हॉल तुमच्या किती गिऱ्हाइकांकडे आहे? मुंबईच्या बीडीडी चाळीतली जुनी खोली 160 चौरस फुटांची. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर आधी 225 चौरस फूट होतं, मग 269 झालं, मग 300. त्या 300 फुटांत आई-वडील, मुलगा-सून, दहावीची मुलगी आणि कधी कधी गावाहून आलेले काका. तिथे सुनेला बाळाला पाजायला बसायचं असतं. मुलीला कपडे बदलायचे असतात आणि त्यासाठी घरातल्या पुरुषांना गॅलरीत जाऊन उभं राहावं लागतं. मुलाची ऑनलाइन मीटिंग चालू असते आणि मागून कुकरची शिट्टी आणि गाद्यांची चळत दिसते. या माणसांना सजावट हवीच आहे, पण आधी आडोसा हवा आहे. आडोसा देता देता घर छान दिसलं तर ते खुशीने दोन पैसे जास्त देतात. क्रम उलटा केलात की तुम्ही शोभेच्या वस्तूंच्या गर्दीत जाऊन बसता, आणि तिथे भाव पाडणारे खूप आहेत.

ही वस्तू मुळात आली कुठून

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात धंद्याचं ज्ञान आहे. चीनमध्ये या पडद्याला जे नाव आहे त्याचा अर्थच "वारा अडवणारा". जपानने तो घेतला आणि त्याला ब्योबू म्हटलं. सुरुवातीला जपानी कारागीर एकेक पॅनल वेगळं करून दोरीने बांधायचे. प्रत्येक पॅनलला स्वतःची किनार असायची, त्यामुळे चित्र तुकड्या-तुकड्यांत दिसायचं. पुढे कागदाची बिजागरी आली. मजबूत कागदाच्या पट्ट्या आलटून-पालटून चिकटवल्या की पॅनल दोन्ही बाजूंना वळतात आणि मधे फट राहत नाही. मग सहा पॅनलवर सलग एकच चित्र काढता यायला लागलं. म्हणजे बिजागरी बदलली आणि सगळी कलाच बदलली. हे मी मुद्दाम सांगतोय, पुढे बिजागरीवर बोलायचं आहे.

पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी हे पडदे जपानात पाहिले आणि पोर्तुगीज व स्पॅनिश भाषेत त्यांना "बिओम्बो" हे नाव पडलं, ब्योबूवरूनच. जपानी चित्रकारांनी पण या परदेशी पाहुण्यांना पडद्यांवर चितारलं: मोठी काळी जहाजं, फुगलेल्या विजारी घातलेले व्यापारी, सोबत घोडे आणि नोकर. ती जहाजं गोव्याहून मकावमार्गे नागासाकीला जायची. म्हणजे आपल्या किनाऱ्याचा आणि या पडद्याचा संबंध चारशे वर्षांपेक्षा जुना आहे. आणखी एक गंमत. युरोपात "कोरोमंडल स्क्रीन" नावाचे लाखेचे पडदे प्रसिद्ध आहेत. ते बनले चीनमध्ये. भारताच्या पूर्व किनाऱ्यावरून, कोरोमंडल किनाऱ्यावरून, जहाजात चढून गेले म्हणून नाव आपल्या किनाऱ्याचं. फॅशनवाल्या कोको शनेलच्या पॅरिसमधल्या घरात हे पडदे भिंतीसारखे लावलेले होते. बनवणारा एक, नाव दुसऱ्याचं. ब्रँडिंगचा धडा इथेच आहे, पण तो विषय वेगळ्या व्हिडिओचा.

तुमचा स्पर्धक कोण

आज ऑनलाइन जे लाकडी कोरीव पडदे दिसतात, त्यातले बरेच उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरचे. लाकडी कोरीवकामाचं ते मोठं केंद्र आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचे कारागीर आहेत. त्यांच्याशी कोरीवकामात आणि भावात भिडायला जाऊ नका. हरणार. पण सहारनपूरचा कारागीर डोंबिवलीच्या घरात येऊन माप घेऊ शकत नाही. त्याचा पडदा ठरलेल्या मापात येतो, पलंग आणि कपाट यांच्यामधल्या तीन फूट दोन इंचांच्या जागेसाठी येत नाही. बिजागरी सैल झाली तर तो दुरुस्तीला येत नाही. आणि त्याच्याकडे खणाचं कापड, सोलापुरी विणकाम, वारली चित्र, सावंतवाडीचं रंगकाम यातलं काही नसतं. तुमची जागा तिथे आहे: माप, दुरुस्ती, आणि आपल्या मातीतली सजावट.

मापाचं गणित, ज्यात बहुतेक लोक फसतात

तीन पॅनलचा पडदा घ्या, एकेक पॅनल 16 इंच रुंद. जमिनीवर आडवा पसरला तर 48 इंच, म्हणजे चार फूट. गिऱ्हाईक म्हणतं, "माझी जागा चार फुटांची आहे, द्या हाच." तुम्ही दिलात की दुसऱ्या दिवशी फोन येणार. कारण हा पडदा सरळ रेषेत उभा राहतच नाही, लगेच पडतो. तो नागमोडी उभा करावा लागतो. दोन पॅनलमधला कोन 120 अंश ठेवला तर तोच पडदा साधारण साडेएकेचाळीस इंच झाकतो, म्हणजे साडेतीन फुटांच्या आत. घट्ट काटकोनात ठेवलात तर 34 इंच. चार फूट झाकायचे असतील तर चार पॅनल लागतात. हे आधी सांगणारा दुकानदार क्वचितच भेटतो. तुम्ही सांगा. घरी जाताना खडू न्या आणि फरशीवर नागमोडी रेघ मारून दाखवा. बघता बघता विश्वास बसतो.

उंचीचं पण तसंच. सगळे सहा फूट मागतात. कपडे बदलायचे असतील तर सहा फूट हवेच. पण अभ्यासाची जागा किंवा पलंग वेगळा करायचा असेल तर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून थोडा वर गेला की पुरे, साडेचार फूट चालतो. पंख्याचा वारा पलीकडे जातो, ट्यूबचा उजेड अडत नाही, लाकूड कमी लागतं आणि पडायची भीती कमी होते. छोट्या खोलीत उजेड आणि वारा अडवणारा पडदा आठवड्यात अडगळीत जातो, आणि तिथून तुमची बदनामी सुरू होते.

खालून तीन-चार इंच मोकळं ठेवा, झाडू आणि फरशी पुसायचं फडकं आत जायला हवं. पायांना रबरी किंवा नायलॉनचे बूट लावा, नाहीतर रोजच्या पुसण्याचं पाणी लाकडात चढतं आणि पाय फुगतात.

कशाचा बनवायचा

नवशिक्यांना प्लायवूड किंवा एमडीएफ सोपं वाटतं. आठ बाय चारचा एक शीट घेतला की सहा फूट उंचीचे तीन पॅनल बरोबर निघतात, करवतीची जाडी धरून एकेक पावणेसोळा इंचांचा. खाली दोन बाय चार फुटांचा तुकडा उरतो, तो फेकू नका, त्यात टेबलावर ठेवायचे छोटे पडदे बसतात. कटिंग सोपं, सीएनसीवाल्याकडून जाळी कापून घेता येते. पण वजन बघा. 18 मिलिमीटर प्लायचे हे तीन पॅनल मिळून 25 किलोच्या आसपास जातात. 12 मिलिमीटर एमडीएफचे, जाळी कापण्याआधी, 20 किलो. घरातल्या बाईला किंवा आजोबांना रोज तो उघडायचा-मिटायचा आहे. शिवाय साधं एमडीएफ कोकणच्या, मुंबईच्या पावसाळ्यात कडेने फुगतं.

माझी पसंती चौकटीला. दीड बाय एक इंचाची पाइनची पट्टी, प्रत्येक पॅनलला दोन उभ्या आणि तीन आडव्या पट्ट्या, मधे कापड. सगळा मिळून सात-आठ किलो. एका हाताने सरकतो. लाकूड वाळलेलं आहे ना हे बघून घ्या, ओल्या लाकडाची चौकट महिन्याभरात पीळ खाते आणि मग पडदा एका पायावर लंगडतो.

बांबूचा विचार पण जरूर करा. पुण्याची बुरूड आळी तुम्हाला माहीत असेल, तिथे आणि गावोगावी बुरूड कारागीर आहेत, त्यांच्या हातात हे काम आहे. कुडाळला बांबूच्या वस्तूंवर काम करणारी कॉनबॅक ही संस्था आहे. एकच अट: बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया केलेला बांबूच घ्या. नाहीतर भुंगा लागतो आणि गिऱ्हाइकाच्या फरशीवर रोज सकाळी पिवळं पीठ सांडलेलं दिसतं.

आता कापड. लोक एक गोष्ट विसरतात: पडद्याला दोन बाजू असतात. पलीकडे पण माणूस बसलेला आहे. एकेरी कापड ठोकून मागे स्टेपलच्या पिना दिसत असतील तर तो माल अर्धवट आहे. दोन्ही बाजूंना कापड आणि वरून बीडिंग पट्टी, हे करायचंच. कापड घेताना पन्हा मोजा. 36 इंच पन्ह्यात दोन पॅनल शेजारी-शेजारी निघतात, म्हणून दोन्ही बाजूंच्या सहा तुकड्यांना साधारण सहा मीटर पुरतं. पन्हा त्याहून कमी असेल तर हिशोब एकदम बदलतो. आणि कापड काढून धुता आलं पाहिजे. वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला वेल्क्रो लावलं तर ते जमतं, आणि दुसरं कापड विकायची संधीही कायम राहते.

आजीची जुनी नऊवारी, आईचं लग्नातलं इरकल यांचा पडदा करून द्या. ही ऑर्डर मी सगळ्यात वर ठेवीन. कापडाचा खर्च शून्य, आणि भावावर घासाघीस जवळजवळ होत नाही. फक्त जुन्या साडीला आतून मलमलचं अस्तर लावा, नाहीतर ताणल्यावर फाटेल. आणि ती फाटली तर भरून देता येणार नाही, हे मनात ठेवूनच कात्री हातात घ्या.

बिजागरी

साधी बिजागरी एकाच बाजूला वळते. म्हणून पहिल्या जोडाला ती पुढून लावायची आणि दुसऱ्या जोडाला मागून, तर पडदा नागमोडी उभा राहतो आणि नीट घडी होतो. दोन्ही जोडांना एकाच बाजूने लावली तर तो पेटीसारखा आत वळतो. दोन्हीकडे वळणारी बिजागरी मिळते, महाग असते, पण गिऱ्हाईक पडदा हवा तसा फिरवू शकतं. तिसरा मार्ग जपान्यांचा. कागदाऐवजी आपली पलंगाची नवार घ्या, पट्ट्या आलटून-पालटून एका पॅनलच्या पुढून दुसऱ्याच्या मागे ठोका. अमेरिकेत चार्ल्स आणि रे ईम्स या जोडप्याने 1946 साली प्लायवूडचा पडदा केला, त्यातही जोड कॅनव्हासच्या कापडाचाच होता. स्वस्त आहे, आवाज करत नाही, लहान मुलाचं बोट चेमटत नाही. फक्त ताण सारखा हवा, ते हाताला बसायला तीन-चार पडदे जातात.

लहान मुलं असलेल्या घरात एका टोकाच्या पॅनलला भिंतीशी हुक लावूनच द्या. मुलं धरून उभी राहतात. गॅसच्या शेगडीजवळ आणि देवघरात समईजवळ कापडी पडदा कोणी कितीही म्हणालं तरी देऊ नका. ऑर्डर सोडा.

पैशाचं बोलू

खालचे आकडे समजावण्यासाठी धरले आहेत, तुमच्या गावचे भाव टाकून पुन्हा मांडा. तीन पॅनल, सहा फूट, पाइनची चौकट, दोन्ही बाजूंना कापड.

लाकूड, तुटफूट धरून 54 रनिंग फूट, 25 रुपयांनी: 1350
कापड 6 मीटर, 120 रुपयांनी: 720
बिजागऱ्या 6, 40 रुपयांनी: 240
पॉलिश, फेव्हिकॉल, पिना, बीडिंग, बूट: 350
सुताराचा एक दिवस आणि तुमचा अर्धा: 1500
पॅकिंग: 200
शहरातल्या शहरात टेम्पो: 500

झाले 4860. त्यावर दहा टक्के धरा, कारण एखादी चौकट बिघडते, एखादा पडदा परत येतो, माप घ्यायला जायचं पेट्रोल लागतं. म्हणजे साधारण 5350. हा 7500 ला विकलात तर हातात 2150. "तुमचा अर्धा दिवस" मी मुद्दाम खर्चात धरला आहे. नवे उद्योजक स्वतःची मजुरी नफ्यात मोजतात आणि वर्षाने म्हणतात, धंदा चालतो पण पैसा दिसत नाही.

आता ऑनलाइन विकायचं म्हणाल, तर कुरियरचा हिशोब आधी करा. कुरियरवाले बहुधा वजन आणि आकार दोन्ही बघतात, आणि जे जास्त येईल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. आपला घडी केलेला पडदा खोक्यात 190 बाय 45 बाय 12 झाला तर उत्तर येतं साडेवीस किलो. पडदा आठ किलोचा, पैसे साडेवीसचे. म्हणून पहिलं वर्ष आपल्या शहराच्या बाहेर जाऊ नका. टेम्पो परवडतो, मोडतोड होत नाही, आणि पोचवायला तुम्ही स्वतः गेलात की शेजारच्या ताई दारात उभ्या राहून बघतात. ती तुमची पुढची ऑर्डर.

शहरातल्या शहरात राहण्याचा कागदोपत्री फायदाही आहे. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. राज्याबाहेर माल गेला की नियम बदलतात, तेव्हा सीएला विचारा. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करून ठेवा, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. तुम्ही स्वतः सुतारकाम किंवा बुरूडकाम करत असाल तर 2023 साली सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना बघा. तिच्यातल्या 18 व्यवसायांत सुतार आणि टोपल्या-चटया विणणारे आहेत. अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत आणि आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंतचं कर्ज 5 टक्के व्याजाने आहे. पण ती कारागिरासाठी आहे. तुम्ही सुताराकडून करून घेऊन विकणार असाल तर तो लाभ त्याचा, तुमचा नाही. त्याला फॉर्म भरायला मदत करा, तो तुमचं काम आधी करेल.

मशीन घेऊ नका. पहिले दहा पडदे ओळखीच्या सुताराकडे नगावर मजुरी ठरवून करा. त्याला कागदावर माप द्या, तोंडी नको.

वर्षभर काय विकायचं

2018 मध्ये राज्यात प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली आणि घरगुती गणपतीच्या मखरांचा बाजारच बदलला. लोकांना आता दरवर्षी वापरता येईल अशी आरास हवी असते. साडेचार फुटी तीन पॅनलचा पडदा गणपतीच्या मागे उभा केला, त्यावर खणाचं किंवा पैठणी काठाचं कापड चढवलं, की मखराची पाठ तयार. विसर्जन झालं की कापड बदला, तोच पडदा मुलीच्या अभ्यासाला. एकाच वस्तूची दोन कामं सांगता आली तर 7500 रुपये गिऱ्हाइकाला जड वाटत नाहीत. समया मात्र पुढे, हातभर अंतरावर, हे इथेही सांगा. यासाठी ऑर्डरी आषाढातच घ्यायला लागा. श्रावण संपताना सुतार कोणाला सापडत नाही.

घरातून पार्लर किंवा शिवणकाम चालवणाऱ्या ताई हे दुसरं चांगलं गिऱ्हाईक. त्यांना ट्रायलसाठी आडोसा लागतो, तो त्यांच्या कमाईशी जोडलेला असतो, म्हणून निर्णय पटकन होतो. सहा फुटी, गडद अस्तराचा, आतल्या बाजूला कपडे अडकवायला दोन खुंट्या आणि एक आरसा. आरसा मधल्या पॅनलला लावा, टोकाच्या पॅनलला लावलात तर तोल जातो.

फोटो काढताना स्टुडिओ नको. गिऱ्हाइकाच्या परवानगीने त्याच जागेचे दोन फोटो घ्या, पडद्याआधीचा आणि नंतरचा. गाद्यांची चळत, फ्रीज, वॉशिंग मशीन झाकून तिथे खणाचा पडदा उभा राहिला की पुढचं सांगायची गरज राहत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे दोन फोटो आणि खाली एवढंच: "माप घ्यायला घरी येतो, मापाचे पैसे नाहीत."

माप घ्यायला जाल तेव्हा टेप, खडू आणि चार कापडाचे नमुने न्या. आणि विचारताना घरातल्या बाईला विचारा, पडदा कुठे हवा आणि कोणत्या वेळी हवा. बऱ्याचदा घरातले पुरुष हॉलच्या मधोमध दाखवतात आणि ताई हळूच पलंगाच्या कोपऱ्याकडे बोट करतात. त्या कोपऱ्याचं माप आधी घ्या.